नळाचा चावीवाला माहीत आहे, नेटचा कोण?

पेठेतला
रात्रीचे पावणेदोन वाजलेत. पाण्याची वाट बघत बसलोय, म्हणून धागा काढतो.

भाचा जर्मनीहून आलाय. आज रात्री जेवण झाल्यावर त्याला गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. म्हैस उभी, मालक धार काढतोय, फेसाळ दूध तसंच ग्लासात. भाच्यानं पाकीट काढलं तर मालकानं धार न थांबवता हनुवटीनं बाजूच्या खांबाकडं दाखवलं. तिथं क्यूआर कोड. शेणाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुतळीनं बांधलेला. भाच्यानं आधी त्याचा फोटो काढला. म्हणाला, "मामा, आमच्या गल्लीतल्या बेकरीत अजून पाटी आहे, फक्त रोख."

माझी छाती फुगली. घरी आलो तर टाकी रिकामी. चावीवाल्याला, म्हणजे गल्लीची पाण्याची लाईन सोडणाऱ्या माणसाला, फोन लावला. तो म्हणाला, "आज लाईन उशिरा सोडणार, दोनच्या पुढं बघा." भाचा हसून हसून आडवा. म्हशीचं दूध ऑनलाईन आणि नळाचं पाणी ओळखीवर!

आता मुद्दा. आमच्या गल्लीचा चावीवाला कोण, कुठं राहतो, कशावरनं रुसतो, सगळं मला ठाऊक आहे. पाणी आलं नाही तर त्याच्या दारात जाऊन चार शब्द सुनावता येतात. पण जून २०२३ मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून दंगल झाली आणि कोल्हापुरात नेट बंद झालं, तेव्हा कुणाच्या दारात जायचं हेच कळेना. नेटची चावी नक्की कुणाच्या हातात असते? बाहेरच्या देशांत असणाऱ्यांनी तिकडचंही सांगा. आणि नेट ही पाण्यासारखी गरज धरायची की चैन?

तांबडा_पांढरा
पहिला प्रश्न: दुधाचा ग्लास केवढ्याला पडला?

फौंड्रीवाला
चैन म्हणणाऱ्यानं एक दिवस शिरोली एमआयडीसीत येऊन बसावं. त्या जूनमधली गोष्ट सांगतो. कास्टिंगचा ट्रक भरून गेटवर उभा. पार्टी पुण्याच्या पुढची, माल पोचला नाही तर त्यांची लाईन थांबणार. आमच्या ऑफिसचं नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालायचं, आणि ई-वे बिल, म्हणजे माल न्यायचा ऑनलाईन सरकारी कागद, निघाल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. ड्रायव्हर टायरच्या सावलीत चटई टाकून झोपला. शेवटी पुण्यातल्या मेव्हण्याला फोनवरून एकेक आकडा सांगून त्याच्याकडनं बिल काढून घेतलं. त्यानं गाडीच्या नंबरात ९ च्या जागी ७ टाकला, ती भानगड वेगळीच.

भांडण कुणाचं, स्टेटस कुणी ठेवलं, आणि ट्रक माझा उभा.

शाहूपुरीकर
@फौंड्रीवाला, तुमचा ट्रक एक दिवस उभा राहिला. त्या दिवशी शहरात दुकानं फुटत होती. माझ्या फोनवर अर्ध्या तासात तोच एक फोटो अकरा जणांनी पाठवला होता, प्रत्येकाच्या खाली वेगळा मजकूर, आधीच्यापेक्षा जास्त भडक. चुलत्याचं दुकान मोक्याच्या जागी आहे, शटर ओढून आम्ही चौघं आत बसलो होतो. नेट बंद झाल्यावर फोन शांत झाला, आणि तासाभरात रस्ताही बराच शांत झाला. चूक की बरोबर ते पुस्तकातून वाचणाऱ्यांनी ठरवावं. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं एवढं खरं.

आणि ई-वे बिल एसएमएसनं पण निघतं बरं का.

फौंड्रीवाला
निघतं. पण त्यासाठी आधी पोर्टलवर जाऊन नंबर नोंदवून ठेवावा लागतो. पूर येण्याआधी कुणी होडी विकत घेऊन ठेवतं काय? (आता मी नोंदवून ठेवलाय.)

तुमच्या दुकानाचं ऐकून वाईट वाटलं. पण रस्ता नेट गेल्यामुळं शांत झाला की बंदोबस्त आल्यामुळं, हे तुम्ही कसं ठरवलं?

शाहूपुरीकर
ठरवता येत नाही. दोन्ही एकाच वेळी आले.

कोटवाला_वकील
धागाकर्त्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो, कारण ते खरंच लिहून ठेवलेलं आहे. नेटचा चावीवाला म्हणजे राज्याचे गृहसचिव, केंद्राचा आदेश असेल तर केंद्रीय गृहसचिव. अगदीच अडचण असेल तर त्यांनी अधिकार दिलेला सहसचिव दर्जाचा अधिकारी. २०१७ मध्ये याचे नियम आले, २०२० मध्ये एका आदेशाला जास्तीत जास्त १५ दिवसांची मर्यादा घातली गेली, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली २०२४ मध्ये नवे नियम आले.

१० जानेवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा अनुराधा भसीन खटल्यातला निकाल याबाबतीत महत्त्वाचा आहे. काश्मीरमधल्या नेटबंदीवरून तो खटला झाला. न्यायालयानं सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश लोकांना बघायला मिळाला पाहिजे, म्हणजे ज्याला आव्हान द्यायचं त्याला देता येईल. आता तुम्हीच सांगा, जून २०२३ चा आदेश तुमच्यापैकी किती जणांनी शोधून वाचला?

@पेठेतला, दारात जायचंच असेल तर आता आपल्याच शहरात दार आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. मुंबईला जायला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्रभर अंग मोडून घ्यायची गरज उरली नाही.

तांबडा_पांढरा
साहेब, फी पण क्यूआरवर घेता काय?

कोटवाला_वकील
खांबाला बांधून ठेवलाय.

गगनबावडा_नो_रेंज
जून २०२३ ला नेट बंद होतं हे आमच्या वाडीला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळलं. आमच्याकडं बारा महिने तसंच असतंय.

गंमत सोडा. ई-पीक पाहणी आली २०२१ ला. शेतात उभं राहून पिकाचा फोटो ॲपवर टाकायचा, म्हणजे सातबाऱ्यावर पीक लागतंय. शेत खाली वहाळाला, रेंज वर डोंगरावर. फोटो खाली काढायचा आणि पाठवायला मोबाईल घेऊन टेक चढायची. आमच्या आप्पांनी मला इचारलं, "पूर्वी तलाठी खुर्चीवर बसून पीक लावत होता, आता आपण डोंगर चढून लावायलोय. ह्यात सुधारणा नेमकी कुणाची झाली?" मला उत्तर देता आलं न्हाई.

तरीबी सांगतो, आप्पांना सातबारा आता घरबसल्या १५ रुपयांत मिळतोय, ते त्यांना लई आवडतंय. दर महिन्याला उगाच एक काढत्यात. शेत जाग्यावर हाय का बघायला.

पुणेरी_चष्मा
धाग्याचा विषय नियमन आहे की पाणीपुरवठा की म्हैस, ते कृपया एकदा ठरवावे. नियमनाची चर्चा करायची तर २०१६ पासून करा. त्या वर्षी फेब्रुवारीत ट्राय या दूरसंचार नियामकाने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावायला मनाई केली आणि फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना बारगळली. म्हणजे निवडक चार साइट फुकट आणि बाकी विकत, हा प्रकार आपण थांबवला. अमेरिकेत हाच नियम २०१५ ला आला, २०१७ ला काढला, २०२४ ला परत आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने रद्द केला. या बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत.

पेठेतला
@पुणेरी_चष्मा, विषय चावी. म्हैस ओघानं आली. पण हे चांगलं सांगितलंत. एकाच नळाला एका गल्लीत दूध आणि दुसऱ्या गल्लीत पाणी असं चालणार नाही, असंच ना?

पुणेरी_चष्मा
साधारण तसेच. उपमेतून म्हैस काही जात नाही.

स्टुटगार्टची_सून
मी मूळची प्रयाग चिखलीची. अकरा वर्षं झाली इकडं येऊन. भाच्यानं सांगितलं ते सगळं खरं आहे. मी पहिल्या वर्षी डॉक्टरकडं गेलो तर रिपोर्ट फॅक्सनं येणार म्हणाले. मला वाटलं चेष्टा करतायत. घरात नेट घ्यायचं तर माणूस यायला पाच आठवडे. तो आला तेव्हा मी ऑफिसात होतो, मग परत पाच आठवडे.

पण नियम? नियमांत हा देश कुणाला ऐकत नाही. पहिल्या घरात आमच्या रूममेटनं टॉरेंटवर एक सिनेमा उतरवला. महिन्यानं जाड पाकीट आलं, वकिलाचं, काही शे युरो भरा म्हणून. कनेक्शन माझ्या नावावर, म्हणून पत्र मला. सिनेमा मी बघितलापण नव्हता! आम्ही तिघांनी वाटून भरले आणि मग पैसे वसूल व्हावेत म्हणून सगळ्यांनी बसून तो सिनेमा बघितला. भंगार होता.

म्हणजे इथं चावी सरकारनं बंद नाही केली, तरी प्रत्येक थेंबाचा हिशोब आहे. २०१८ पासून युरोपचा तो डेटा संरक्षणाचा कायदा लागू झाला, तेव्हापासून शाळेत पोरांचा वर्गाचा फोटो काढायचा तरी आमच्या सह्या लागतात. भारतात आल्यावर साडीच्या दुकानात बिलाआधी मोबाईल नंबर मागतात, मला दचकायला होतं.

पुणेरी_चष्मा
ताई की दादा? 'मी गेलो', 'मी होतो' असे लिहिले आहे.

स्टुटगार्टची_सून
ताईच. आमच्याकडं बायका असंच बोलतात. स्टुटगार्टला आलो म्हणून भाषा बदलायची काय?

तांबडा_पांढरा
विषय हार्ड!!

दुबईतला_कागलकर
आमच्याकडची चावी लई नामी. नेट जोरात, पिक्चर बघा, बँक करा, सगळं चालतंय. फक्त व्हॉट्सॲपवर मेसेज जातो आणि कॉल जात न्हाई. इंटरनेटवरनं बोलायचं तर परवानगी असलेलंच ॲप घ्या. गावाकडं आईच्या फोनमध्ये तेच ॲप घालायला पुतण्याला दोनदा कागलला पाठवला. आईला अजून वाटतंय की मी व्हॉट्सॲपवर मुद्दाम उचलत न्हाई.

पण खरं सांगू? इथं रस्ता, लाईट, पाणी ह्यात एक दिवस खंड न्हाई. म्हणून लोक कॉलबद्दल गप बसत्यात. माझं मत: ज्याच्या नळाला पाणी येतंय तो नेटच्या चावीबद्दल इचारत न्हाई.

फौंड्रीवाला
हे मत मला पटत नाही, पण झोप उडवणारं आहे.

बाई_इचलकरंजीच्या
मी आठवीला शिकवते. मला मोठ्यांच्या नेटबंदीपेक्षा पोरांची चिंता जास्त. ऑस्ट्रेलियानं १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती बंद केली, १० डिसेंबर २०२५ पासून. दंड मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना. हे मला आवडलं. माझ्या वर्गात एका मुलानं वडिलांच्या मोबाईलवरून गेमवर पैसे लावले, विणकराचा पगार गेला. वडील शाळेत येऊन माझ्यासमोर रडले, मुलगा बाजूला उभा राहून बुटाच्या टोकानं फरशी घासत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावायच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा आला तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही चहाबरोबर भजी मागवली होती.

लीड्सचा_पाहुणा
बाई, मत समजतं, पण इथला अनुभव सांगतो. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून प्रौढांच्या साइटवर वय सिद्ध करावं लागतं, चेहरा दाखवा नाहीतर ओळखपत्र द्या. त्याच आठवड्यात व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवणारी ॲप, डाउनलोडच्या यादीत सगळ्यात वर. माझ्या शेजाऱ्याच्या चौदा वर्षांच्या पोरानं बापाला व्हीपीएन लावून दिलं, बापाला क्रिकेट बघायचं होतं. कुंपण घातलं की पोरं आधी उडी मारायला शिकतात.

बाई_इचलकरंजीच्या
म्हणून कुंपणच घालायचं नाही का? विहिरीला कठडा असला तरी पोरं वाकतात, पण कठडा बांधतोच ना आपण.

कोटवाला_वकील
वाकण्यावरून आठवलं. नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ ला सरकारनं नोंदणी केली नाही म्हणून २६ सोशल मीडिया साइट एकदम बंद केल्या. आठवडा व्हायच्या आत पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. कारण एकटी बंदी नव्हती, भ्रष्टाचाराचा राग आधीपासून साचला होता. पण फिरवलेली चावी फिरवणाऱ्याच्याच हातात तुटली.

नांदणी_रोड
सरकारची चावी, कंपनीची चावी, सगळं बोलला. लोकांची चावी विसरला राव. आमच्या नांदणी मठाची माधुरी हत्तीण २०२५ च्या जुलैत गुजरातला अंबानींच्या वनतारात नेली, तेव्हा जिल्ह्यात काय झालं? लोकांनी त्यांच्याच कंपनीची, जिओची, सिमं पोर्ट केली. १९०० ला मेसेज टाकून कोड घ्यायचा, दुसऱ्या कंपनीला द्यायचा, विषय संपला. माझी आजी, शहाऐंशी वर्षांची, तिला पोर्ट म्हणजे काय ठाऊक न्हाई. म्हणाली, "माझ्या फोनातनं बी हत्तीण सोडवा."

पुणेरी_चष्मा
हत्तिणीच्या मुद्द्यावर दोन्ही बाजू आहेत. तिच्या तब्येतीबद्दलही न्यायालयात बरेच काही मांडले गेले होते.

नांदणी_रोड
आसतील. तुमच्या दारात आशीर्वाद द्यायला कधी आली होती काय ती?

पेठेतला
हत्तिणीसाठी वेगळा धागा काढा, इथं आधीच म्हैस आहे.

शाहूपुरीकर
मूळ प्रश्नाला येतो. काळम्मावाडी धरणातनं कोल्हापूरला पाणी आणणाऱ्या थेट पाईपलाईनची मागणी चाळीसेक वर्षांची. काम २०१४ च्या सुमारास लागलं, पाणी २०२३ च्या दिवाळीत आलं. मध्येच २०१६ ला यूपीआय सुरू झालं आणि बघता बघता भाजीवाल्या मावशींपर्यंत पोचलं. फरक का? कारण पाईप टाकायला रस्ता खणावा लागतो, जंगलाची परवानगी लागते, शेतकऱ्याची जमीन लागते, ठेकेदार लागतो. यूपीआयला खणावं लागत नाही. जे खणल्याशिवाय होतं त्यात आपण जगात भारी. खणायची वेळ आली की आपण तिथंच.

जर्मनीचं उलटं दिसतंय. त्यांचे पाईप शंभर वर्षं आधीच खणून झालेत.

स्टुटगार्टची_सून
@शाहूपुरीकर, खणून झालेलं पण वाहून जातं. जुलै २०२१. १४ तारखेच्या रात्री इथल्या आर नदीच्या खोऱ्यात पूर आला. एकट्या त्या खोऱ्यात १३० च्या वर माणसं गेली. जर्मनीत, एकविसाव्या शतकात! इशारा देणारी ॲप होती, पण ॲप ज्याच्या फोनात नाही त्याला काय कळणार? युद्धाच्या भीतीच्या काळातले भोंगे बऱ्याच ठिकाणी कधीच काढून टाकलेले. आम्ही टीव्ही बघत सुन्न बसलो होतो.

आणि आठच दिवसांनी घरून आईचा व्हॉइस मेसेज. "राजाराम बंधारा एकेचाळीसवर गेला गं. म्हशी सोनतळीला हलवल्या. आता आम्ही निघतो." तिथं पंचगंगेची धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट. एकेचाळीसलाच बाहेर, कारण २०१९ ला पंचावन्न बघितलेलं. चिखलीत देवळावरच्या स्पीकरवरून पुकारत होते, ग्रुपवर तासातासाला फूट-इंच येत होते. कुणी ॲप बनवलं नव्हतं त्यासाठी.

मग लाईट गेली. मग टॉवर गेले. दोन दिवस आईचा फोन नाही. नेट कुणी बंद केलं नव्हतं, टॉवरच्या जनरेटरचं डिझेल संपलं होतं आणि हायवे पाण्याखाली, डिझेल पोचणार कसं? मी इथं ऑफिसात स्क्रीनसमोर बसून तो एकच शेवटचा मेसेज परत परत ऐकत होतो. मागं म्हशी ओरडायच्या त्यात.

जर्मनीनं फेब्रुवारी २०२३ पासून सेल ब्रॉडकास्ट सुरू केलं. ॲप नको, नेट नको, त्या भागातल्या बहुतेक फोनवर ठणाणा वाजतं.

गगनबावडा_नो_रेंज
आपल्याकडंबी २०२३ ला चाचणी झाली त्याची. मी बाजारात होतो, सगळ्यांचे फोन एकदम बोंबलायला लागले. एका म्हाताऱ्यानं फोन भाजीच्या टोपलीत टाकून दिला. फुटंल म्हणून.

ताई, आई बऱ्या आहेत ना?

स्टुटगार्टची_सून
ठणठणीत. आता फूट-इंच तीच पाठवते ग्रुपवर.

ओसाकावासी
जपानचं एक वाक्य: भूकंपाचा इशारा धक्क्याच्या आधी काही सेकंद फोनवर येतो, आणि सरकारी कामातून फ्लॉपी डिस्क २०२४ साली गेली. दोन्ही एकाच देशात.

आबा_बहात्तर
सगळं वाचलं. नातीनं टाईप करायला शिकवलंय, चूकभूल माफ.

आम्ही फोनला नंबर लावला तेव्हा थोरला दुसरीत होता. फोन लागला तेव्हा त्याची बारावी झाली होती. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावून दिवसभर घराबाहेर पडायचं नाही. ती चावी खात्याकडं होती, आणि खात्याचा माणूस दिवाळीत पोस्त मागायला यायचा. म्हणून चावीवाला दिसतो तो बरा, हे मला पटत नाही. दिसणारा चावीवाला हात पुढं करतो.

बिनचावीचं बघायचं तर राधानगरीला जा. शाहू महाराजांनी पाया घातलेलं धरण. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या जोरानं आपोआप उघडतात, पाणी उतरलं की मिटतात. कुणाचा फोन चालत नाही, कुणाची ओळख चालत नाही. तरुणपणी एकदा उघडताना समोर उभा होतो. आधी काहीच नाही, मग खालून धूर निघाल्यासारखं पाणी. अंगावर काटा आला होता. नेटचा नियम असा पाहिजे.

स्टुटगार्टची_सून
आबा, दंडवत. पण तेच दरवाजे आपोआप उघडले की आमच्या चिखलीत लोक गाठोडी बांधतात. आपोआप उघडणाऱ्याला 'थोडं थांब' म्हणता येत नाही.

आबा_बहात्तर
हे मात्र खरं पोरी. ह्यावर विचार करतो. आता झोपतो.

फौंड्रीवाला
@कोटवाला_वकील, जून २०२३ चा तो आदेश खरंच कुठं वाचायला मिळेल काय? ट्रक उभा राहिला त्याचा कागद तरी बघून ठेवतो.

कोटवाला_वकील
सोमवारी ऑफिसात या. अर्ज करू, फुकट. चहा तुमचा.

पेठेतला
उद्या सविस्तर लिहितो. नळातनं नुसती हवा यायला लागली, म्हणजे मागनं पाणी येतंय. भाच्याला उठवलंय, तो बादल्या मांडतोय आणि मोबाईलवर व्हिडिओ काढतोय.

तांबडा_पांढरा
मोटर लावू नका हां, शेजाऱ्याचं ओढलं जातं.

पेठेतला
लावली.